जोडपत्र क: त्रेचाळीस पाट्या

अर्ज अठरा पानांचा होता आणि त्यातली पहिली दोन पानं अर्ज कसा भरावा हे सांगण्यात खर्ची पडली होती. ती वाचून झाल्यावर आधी जे थोडंफार समजलं होतं, तेही समजेनासं होई. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारी ती बाई गेली अकरा वर्षं लोकांना बारीक अक्षर दिसावं म्हणून राबत होती. पण इतकं बारीक अक्षर तिच्याही पाहण्यात नव्हतं.

कौटुंबिक न्यायालयाला तिच्याबद्दल सगळंच जाणून घ्यायचं होतं. पगार किती, भाडं किती, दागिने किती. मुलीची चप्पल वर्षातून किती वेळा बदलावी लागते, हेसुद्धा. सातव्या पानावर विचारलं होतं, ‘अर्जदाराच्या मालकीची वाहने, नौका अथवा विमाने असल्यास तपशील द्यावा.’ तिने तिथे नीट अक्षरात ‘नाही’ असं लिहिलं.

“नुसतं नाही कशाला?” शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. “अद्याप नाही, असं लिही. उद्या कुणी सांगितलंय?”

सासूबाई दर गुरुवारी नातीला भेटायला येत. मुलगा आणि सून वेगळे होऊन दीड वर्ष झालं होतं, पण गुरुवार काही वेगळा झाला नव्हता. मुलगा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शिकवण्यांच्या. सगळा गाव त्याला पेंटर म्हणायचा. संसार मोडायला फार मोठं कारण लागलं नव्हतं. पेंटरला घरी आल्यावर प्रेक्षक लागायचे, आणि दिवसभर भिंगांतून डोळे फोडून आलेल्या बायकोला घरी आल्यावर काही पाहायचंच नसायचं. शेवटी तो रंगांचे डबे घेऊन आईकडे राहायला गेला. पहिल्या महिन्यात त्याने मुलीसाठी पैसे दिले, दुसऱ्या महिन्यात कारण दिलं, आणि तिसऱ्या महिन्यापासून कारणही देईनासा झाला.

बारा वर्षं ती त्याला ‘अहो’ म्हणत होती. वेगळं झाल्यावर ‘अहो’ जिभेवर येईना आणि ‘अरे’ शोभेना. हा पेच न्यायालयाने परस्पर सोडवून टाकला. अर्जात त्याला ‘प्रतिवादी’ असं नाव होतं.

प्रतिवादीने आपलं उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र आधीच भरून दिलं होतं आणि त्याची एक प्रत तिच्या हाती आली होती. चालू वर्षात रंगवलेल्या पाट्या: सहा. महिन्याचं सरासरी उत्पन्न: तीन हजार. मुलीसाठी देता येण्याजोगी रक्कम: तीनशे.

तीनशेत मिरीच्या शाळेच्या बसचा एक आठवडासुद्धा निघाला नसता. मिरी म्हणजे त्यांची मुलगी. वय नऊ, अंगाने बारीक आणि जिभेने तिखट, म्हणून मिरी. घरभाडं आणि शाळा ही दोन्ही ओझी एका पगारावर ओढून तिच्या आईचं आता कंबरडं मोडायची वेळ आली होती. दुसऱ्या गावात राहणारा भाऊ म्हणाला होता, “मिरीला माझ्याकडे पाठव. इथली शाळा फुकट आहे. तू महिन्यातून एकदा ये भेटायला.” भाऊ प्रेमाने म्हणाला होता. पण ‘महिन्यातून एकदा’ हे शब्द ऐकल्यापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं. मुलीसाठी दरमहा सात हजार मागणारा दावा तिने काही महिन्यांपूर्वीच टाकला होता; आता हा अठरा पानी अर्ज, म्हणजे तिचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, सोमवारी द्यायचा होता. न्यायालयाने पेंटरचा आकडा खरा धरला असता, तर मिरीची बॅग भरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“बघू, काय लिहिलंय माझ्या दिवट्याने,” सासूबाईंनी प्रत ओढून घेतली. चष्मा नाकावर चढवला. तो सुनेनेच बनवून दिला होता, त्यामुळे त्यातून सगळं स्वच्छ दिसायचं. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या.

“हे काय गं? ‘प्रतिवादीवर अवलंबून असलेल्या व्यक्ती: आई. वृद्ध, आजारी, परावलंबी. दरमहा खर्च दोन हजार.’”

सुनेने मान खाली घालून आठव्या पानावर पेन टेकवलं. काही प्रसंगी न बोलणंच जास्त बोलतं, हे ती संसारात शिकली होती.

“परावलंबी!” सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “काल त्याच्या शर्टाचं बटण कुणी लावलं? सकाळी डबा कुणी भरून दिला? माझ्या पेन्शनवर दोन्ही वेळा जेवतो आणि माझा खर्च लावतो? आजारी म्हणे! मला शेवटचा ताप कधी आला होता, आठवतंय का तुला?”

“मला तर आल्याचंच आठवत नाही, आई.”

“मग!” त्या परत बसल्या. “आण तो कागद. सहा पाट्या म्हणतो काय. ह्याचे वडील हात मोडलेला असताना डाव्या हाताने वर्षाला वीस करायचे.”

पण नुसत्या संतापाला न्यायालयात किंमत नसते. शुक्रवारी दुपारी अर्धी सुट्टी टाकून ती न्यायालयाच्या मदत कक्षात गेली. तिथला कारकून भला माणूस होता. फक्त दिवसाला साठ लोकांना तेच तेच सांगून त्याचा आवाज टपाल खात्याच्या शिक्क्यासारखा झाला होता.

“प्रतिवादीचं उत्पन्न जास्त आहे असं म्हणता?”

“हो.”

“बँकेत दिसतं?”

“सगळं रोखीत घेतात.”

“पावत्या?”

“देत नाहीत.”

“मग म्हणू नका,” कारकून म्हणाला. “किंवा म्हणा आणि पुरावा जोडा. वाटतं, असेल, लोक सांगतात, हे चालत नाही. जोडपत्र क. जागा कमी पडली तर जादा पानं लावा. पुढचे या.”

ती बाहेर आली आणि न्यायालयासमोरच्या पदपथावर उभी राहिली. समोर औषधाचं दुकान होतं. दुकानावर निळी पाटी होती, पांढऱ्या अक्षरांची, आणि पाटीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, मुंगीएवढ्या अक्षरात सही. सहीपुढे वर्ष. हेच वर्ष.

तिने घरी न जाता सासूबाईंना फोन लावला. “आई, ते प्रत्येक पाटीवर सही करतात ना?”

सासूबाई म्हणाल्या, “प्रत्येक नाही. पैसे पूर्ण मिळालेल्या.”

हा त्या घराण्याचा शिरस्ता होता. सासऱ्यांनी घालून दिलेला. पाटी रंगवायची, टांगायची, पण शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत सही करायची नाही. हप्ता मिळाला की शिडी लावून वर चढायचं, सही करायची, वर्ष घालायचं आणि खाली उतरून चहा प्यायचा. सासरे गेले, पण शिरस्ता राहिला. पेंटरने बायको सोडली, सिगारेट सोडली, दोनदा तर चहाही सोडला, पण सही कधी सोडली नाही. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात कुणाला पावती दिली नाही, त्याने गावभर रस्त्यावर, भर उन्हात, दहा फूट उंचीवर पावत्या टांगून ठेवल्या होत्या.

“उद्या मी येते,” सासूबाई म्हणाल्या. “शिंप्याकडून मोठी टेप आण. पाटीचा भाव फुटावर असतो.”

शनिवारी सकाळी तीन पिढ्या मोहिमेवर निघाल्या. पुढे मिरी, ती सही शोधायची आणि मोबाइलवर फोटो काढायची. मागे तिची आई, टेप आणि वही घेऊन. सगळ्यात मागे सासूबाई, छत्री घेऊन. छत्रीचं काम फक्त दिशा दाखवण्याचं होतं.

पहिला न्हावी. तो गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालाला साबण लावून दारात आला.

“पाटी का मोजताय, वहिनी? नेणार आहात की काय?”

“नाही, नुसती मोजतेय. चार बाय सहा. पैसे दिलेत ना पूर्ण?”

“सही दिसत नाही का?” न्हाव्याला अपमान वाटला. “सही झाली म्हणजे माझं देणं फिटलं. विचारा कुणालाही!”

“तेच तर,” सासूबाई म्हणाल्या आणि छत्रीने पुढचं दुकान दाखवलं.

कुलुपवाला, शिवणयंत्रवाला, दोन दवाखाने, एक नृत्यशाळा. प्रत्येक ठिकाणी तेच. सही होती तिथे दुकानदार ताठ मानेने बोलायचा. सायकलवाल्याची पाटी मात्र सगळ्यांत देखणी होती. लाल जमिनीवर पिवळं चाक, चाकाचे आरे असे की नजर ठरली की फिरतायत वाटावं. मिरी स्टुलावर चढून कोपरा न् कोपरा शोधू लागली.

“आई, सहीच नाही!”

सायकलवाला ओशाळला. “थोडे राहिलेत द्यायचे. परवा येतो म्हणालेत. पैसे आणि सही, दोन्ही एकदम.”

“पण बाबांनीच काढलंय,” मिरी म्हणाली. “लिही ना.”

तिच्या आईचं पेन वहीवर टेकलं होतं. पाटी मोठी होती, तीस फुटांची. आकड्यात फरक पडला असता. तिने पेन उचललं.

“पैसे मिळालेले नाहीत. शपथेवर लिहायचंय, मिरे.”

सासूबाईंनी सुनेकडे एकदा पाहिलं. पुढच्या चौकात कुणी न मागता तिघींसाठी थंडगार सरबत घेतलं, आणि पैसे स्वतः दिले. परावलंबी बाईच्या मानाने हे जरा जास्तच होतं.

रविवारी संध्याकाळपर्यंत पायांचे तुकडे पडले आणि वहीत त्रेचाळीस पाट्या जमल्या. चालू वर्षाच्या, सही असलेल्या. क्षेत्रफळ आठशे साठ चौरस फूट. आता प्रश्न दराचा होता.

“ह्याचे वडील शेवटी फुटाला तीनशे घ्यायचे,” सासूबाई म्हणाल्या. “पण त्याला पाच वर्षं झाली. आता नक्की दुप्पट असेल. सहाशे लाव.”

“तुम्हाला माहीत आहे की वाटतंय?”

“वाटतंय. पण अगदी आतून वाटतंय.”

“मग तीनशे,” सून म्हणाली. “कारकून म्हणाला, वाटतं ते चालत नाही.”

तिने तीनशेने गुणलं. दोन लाख अठ्ठावन्न हजार. महिन्याला साडेएकवीस. प्रतिवादीचे तीन हजार कुठे आणि हे कुठे. जोडपत्र क सव्वीस पानांचं झालं. मूळ अर्जापेक्षा मोठं. सोमवारी ते खिडकीतून आत सरकवताना कारकुनाने वजन करून पाहिल्यासारखं हातात तोललं आणि शिक्का मारला. “पानांना आकडे टाकलेत,” तो म्हणाला. ही त्याच्याकडून मिळू शकणारी सर्वोच्च पदवी होती.

तारीख तीन आठवड्यांनी लागली. खोली लहान होती. लांब टेबल, त्याच्या टोकाला न्यायाधीशबाई, एका बाजूला पेंटर आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला सून आणि सासूबाई. पेंटरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. इस्त्री कुणी केली, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं आणि त्यातली एक समोर बसली होती.

“आई, तू तिकडे कशी?” त्याने हळूच विचारलं.

“परावलंबी आहे रे मी,” सासूबाई म्हणाल्या. “जिथे बसवतील तिथे बसते.”

वकील उठला. चुणचुणीत होता. म्हणाला, “जोडपत्रातल्या पाट्यांवर माझ्या अशिलाची सही आहे, हे मान्य. पण सहीवरून पैसे मिळाले हे सिद्ध होत नाही.”

न्यायाधीशबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी शिरस्ता सांगितला. कुणी घालून दिला, का घालून दिला, एकदा एका मिठाईवाल्याने पैसे बुडवले तेव्हा सासऱ्यांनी सहा वर्षं सही न करता पाटी कशी ठेवली, आणि शेवटी मिठाईवाल्याच्या मुलीचं लग्न ठरल्यावर, पाहुण्यांत नाचक्की नको म्हणून तो पैसे घेऊन कसा आला. न्यायाधीशबाई लिहायचं थांबून ऐकत होत्या.

“हे खरं आहे?” त्यांनी पेंटरला विचारलं. “पैसे मिळाल्याशिवाय सही करत नाही तुम्ही?”

पेंटरने आईकडे पाहिलं. आई छताकडे पाहत होती. “बाबांचा नियम आहे,” तो पुटपुटला.

वकिलाने पटकन दुसरा मोर्चा उघडला. “मान्य. पण हे काम अशिलाने स्वतः केलेलं नाही. मदतनीस करतात. पैसेही त्यांनाच जातात. अशील फक्त सही करतो. नाव मोठं आहे म्हणून.”

सुनेने जोडपत्राची पानं पुढे-मागे चाळली. ह्याला काय उत्तर द्यायचं? रंगवताना तर तिने पाहिलं नव्हतं. तिच्याकडे फक्त फोटो होते.

न्यायाधीशबाई एकेक फोटो उचलू लागल्या. “ही न्हाव्याची?”

“मदतनिसाने,” पेंटर म्हणाला.

“दवाखाना?”

“मदतनिसाने.”

“नृत्यशाळा?”

“मदतनि... हो.” आवाज जरा बसला.

मग त्यांनी एकोणचाळिसावा फोटो उचलला. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाची काच. काचेवर सोन्याच्या वर्खाची अक्षरं, मागे बारीक काळी सावली. पेंटरच्या मानेवरची शीर हलली. ती हललेली फक्त सुनेलाच दिसली. दिवसभर भिंगातला केसाएवढा ओरखडा शोधणाऱ्या बाईला एवढं दिसणारच. आणि बारा वर्षं ज्याचा प्रेक्षक होऊन काढली, तो माणूस आता आतून कसा धुमसतोय, हे तिला फोटोशिवायही कळत होतं.

“हीसुद्धा?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“हो,” पेंटर म्हणाला. हे ‘हो’ त्याने गिळल्यासारखं बाहेर काढलं.

“तुम्हाला काही म्हणायचंय?” न्यायाधीशबाई तिच्याकडे वळल्या.

ती उभी राहिली. “मी काढताना पाहिलेलं नाही, त्यामुळे कुणी काढलं ते शपथेवर सांगू शकत नाही,” ती शांतपणे म्हणाली. “ते म्हणतायत मदतनिसाने, तर मदतनिसाने. फक्त एवढं सांगते, ही काच मदतनिसाने केली असेल तर त्याचा हात ह्यांच्यापेक्षा सरस आहे. मी ह्यांचं काम बारा वर्षं पाहिलंय.”

सासूबाईंना खोकला आला. फार वेळ आला.

“सरस?” पेंटर उभा राहिला.

“बसा,” वकील म्हणाला.

“कोण सरस? बाईसाहेब, ही काच आतल्या बाजूने करतात. उलटी! आरशातल्यासारखी! वर्ख श्वासाने उडतो, म्हणून श्वास रोखून लावावा लागतो. मदतनीस? मदतनिसाला शिडी धरता येत नाही धड! ह्या गावात असं काम करणारा एकच माणूस आहे.”

“कोण?”

“मी!”

वकिलाने पेन खाली ठेवलं आणि त्याचं टोपण शोधू लागला. टोपण पेनलाच होतं.

“आणि बाकीच्या बेचाळीस?” न्यायाधीशबाईंचा आवाज अगदी मवाळ होता.

“त्याही मीच. न्हाव्याची पाहा ना, तो मिशीचा बाक पाहा! मदतनीस ठेवलाय कुणी? परवडतो कुठे?” इतकं बोलून पेंटर थांबला असता, तर त्याचं नुकसान निम्म्यावर राहिलं असतं. पण समोर जोडपत्राचं शेवटचं पान उघडं होतं आणि त्यावर दर लिहिला होता. “आणि हे काय? फुटाला तीनशे? मला बाबांच्या दराने मोजलंय? बाईसाहेब, तीनशेत आज नुसता पांढरा हात मारून मिळतो. मी सहाशेच्या खाली ब्रश उचलत नाही. काचेचे वेगळे!”

“सहाशे,” न्यायाधीशबाईंनी लिहिलं. “काचेचे वेगळे.”

“हो!” पेंटर म्हणाला आणि मग, बराच उशीर झाल्यावर, वकिलाकडे पाहिलं. वकील खिडकीबाहेर पाहत होता, तिथून कुणी सोडवायला येतंय का हे पाहावं तसा.

निकाल अर्ध्या तासात आला. रंग, शिड्या, वर्ख यांचा खर्च वजा जाता प्रतिवादीचं उत्पन्न त्याच्या स्वतःच्या तोंडून जोडपत्रापेक्षा बरंच जास्त सिद्ध झालं होतं. ‘परावलंबी आई’ ही ओळ आईच्याच जबाबावरून खोडली गेली. मुलीसाठी दरमहा सात हजार, मागितले तेवढे पूर्ण. दावा टाकल्याच्या तारखेपासून मागची बाकी तीन हप्त्यांत. आणि रक्कम थेट खात्यात. प्रतिज्ञापत्रात पुन्हा अशी गंमत केल्यास काय होईल, हे न्यायाधीशबाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. दुसरं वाक्य ऐकताना पेंटर खुर्चीत बराच खाली गेला.

“दहा मागायला हवे होते,” बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या. “तू उगाच प्रामाणिक.”

कागदाची प्रत हातात होती. शिक्का अजून ओला होता. तिने तो दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा फक्त रक्कम वाचली. शाळा झाली. भाडं झालं. बस झाली. चपलासुद्धा, वर्षातून तीनदा.

जिन्यापाशी पेंटर वाट पाहत होता. वकील आधीच निघून गेला होता.

“एक विचारू?” तो म्हणाला.

“पहिल्या तारखेला जमा व्हायला हवेत.”

“ते होतील. ते नाही विचारत.” तो घुटमळला. “ती काच. खरंच तुला वाटलं दुसऱ्या कुणाचा हात आहे?”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. सात हजार भरायला लागलेल्या माणसाला दुसरा कुठलाच प्रश्न पडला नव्हता. दीड वर्षात पहिल्यांदा तिला त्याचा राग आला नाही.

“गावात तसं कुणाला जमत नाही,” ती म्हणाली. “मिरीने फोटो काढताना विचारलं होतं, हे सोनं खरं आहे का म्हणून.”

“खरंच आहे!” पेंटर एकदम उजळला. “तिला सांग, बाबा रविवारी घेऊन जाईल बघायला. आतून दाखवेन, उलटं.” आणि सरळ पाठीने जिना उतरून गेला, हरलेल्या माणसाच्या मानाने फारच ऐटीत.

“रात्री जेवायला उशीर करू नकोस,” सासूबाई मागून ओरडल्या. “आणि आजपासून जेवणाचे पैसे लागतील! महिन्याला दोन हजार!”

सुनेने फोन काढला आणि भावाला लावला.

“दादा, मिरीसाठी खोली रिकामी केलीस का?”

“झाली गं. पलंगसुद्धा आणलाय. कधी पाठवतेस?”

“पाठवत नाही,” ती म्हणाली. हे दोन शब्द तिने इतक्या मोठ्याने म्हटले, की मदत कक्षातल्या रांगेने मागे वळून पाहिलं. “त्या खोलीत भाडेकरू ठेव.”